‘पाळलंस ना?’ : एका शिकाऊ लाइफ कोचचे सहा महिने

हे प्रकरण दोघांचं आहे. एक, पुण्यातल्या एका मराठी शाळेत २७ वर्षं गणित शिकवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या बाई. दुसरा, परभणी जिल्ह्यातल्या गावातून एमपीएससीसाठी पुण्यात येऊन राहिलेला २८ वर्षांचा मुलगा. बाई लाइफ कोच, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारत माणसाला त्याचं त्यालाच ठरवायला मदत करणारी व्यक्ती, व्हायला शिकत होत्या, तो त्यांचा पाचवा क्लायंट होता आणि मी बाईंची मेंटॉर कोच. दोघांनी लिहायला संमती दिली, मसुदा वाचला. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मी आधी सगळीकडे ‘उमेदवार’ असा शब्द वापरला होता. ‘ते हॉल तिकिटावरचं झालं, मुलगा लिहा,’ असं त्याने सांगितलं, म्हणून मुलगा.

बाई माझ्याकडे आल्या त्याआधी त्यांनी दोन दिवसांची एक कार्यशाळा केली होती. शनिवार-रविवार, हॉटेलचा हॉल आणि रविवारी संध्याकाळी ‘सर्टिफाइड लाइफ कोच’ असं छापलेलं प्रमाणपत्र. त्या दोन दिवसांत बाईंना कुणाशी तरी बोलताना एकाही प्रशिक्षकाने ऐकलं नव्हतं. मला याचा मनापासून राग येतो. टिळक टँकवर पोरांना काठावर बसवून दोन दिवस व्याख्यान दिलं आणि पोहता येतं असा दाखला हातात ठेवला, तर पालक भांडायला येतील. इथे कुणी येत नाही, कारण भारतात स्वतःला लाइफ कोच म्हणवून घ्यायला कुठलाच परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी करावी लागते, मनोविकारतज्ज्ञ तर डॉक्टरच असतो. कोचने मात्र दारावर पाटी लावली की झालं.

म्हणून जे शिकायचं ते स्वतःहून, कुणाच्या तरी नजरेखाली शिकावं लागतं. बाईंनी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचा, म्हणजे आयसीएफचा रस्ता धरला. १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही संस्था तीन पायऱ्यांवर कोचला मानांकन देते: एसीसी, पीसीसी आणि एमसीसी. पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण, निदान ८ क्लायंटांबरोबर मिळून १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव, त्यातले ७५ तास मोबदला घेऊन, आणि मेंटॉर कोचबरोबर किमान तीन महिन्यांत विभागलेले १० तास, शिवाय परीक्षा. दुसऱ्या पायरीला हेच आकडे १२५ आणि ५०० तासांवर जातात. शिकणाऱ्यांचं लक्ष बहुधा ६० आणि १०० वर असतं. मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते मेंटॉरिंगचे १० तास, कारण तेवढ्याच तासांत दुसरं कुणीतरी तुमचं बोलणं ऐकतं. क्लायंटची परवानगी घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं, मेंटॉरने ते ऐकायचं आणि मग दोघांनी बसून एकेक वाक्य तपासायचं, असं हे काम चालतं.

मोबदला किती घ्यायचा याचं बंधन नाही. बाई त्या मुलाकडून सेशनला १०० रुपये घेत. आकडा त्यानेच ठरवला होता: मेसच्या एका थाळीइतका.

कोचिंग म्हणजे क्लास

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली आणि ती शब्दातच होती. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या टापूत ‘कोचिंग’ म्हणजे क्लास. दारोदार बोर्ड आहेत, अभ्यासिका आहेत, कॉट बेसिसवर खोल्या आहेत. मुलाला अभ्यासिकेतल्या मित्राने सांगितलं होतं, ‘एरंडवण्यात एक मॅडम आहेत, पर्सनल कोचिंग करतात, गणिताच्या आहेत.’ तो सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरच्या, गणिताची वही घेऊन आला. बाईंनी वही बघितली आणि दोन उदाहरणं सोडवून दिली. वीस मिनिटं त्यात गेली. रेकॉर्डिंग ऐकताना मला जाणवलं की त्या सबंध तासात बाईंचा आवाज सगळ्यांत आनंदी होता तो त्या वीस मिनिटांत.

आयसीएफने कोचची जी आठ मूलभूत कौशल्यं सांगितली आहेत, त्यांत करार ठरवणं आणि तो सांभाळणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. शिकाऊ लोक त्याला कागदपत्र समजतात. बाईंकडे इंग्रजीतून उतरवलेला दोन पानी करार होता. मुलाने तो न वाचता सही केली, जशी आपण बँकेत करतो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तो फाडला आणि बाईंनी स्वतःच्या शब्दांत पाऊण पान लिहिलं. त्यातल्या काही ओळी अशा:

‘मी तुझा अभ्यास घेणार नाही. काय कर, काय नको, हेही सांगणार नाही. तू काय ठरवतोस ते नीट दिसावं म्हणून मी विचारत राहीन. मी डॉक्टर नाही. तू इथे बोलशील ते तुझ्या परवानगीशिवाय कुणाला सांगणार नाही, तुझ्या घरच्यांनाही नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मात्र सांगेन, आणि शक्यतो तुला सांगून मग सांगेन.’

हे त्यांनी त्याला वाचून दाखवलं. शेवटची दोन वाक्यं पुढे किती कामी येणार होती, याची आम्हाला दोघींनाही कल्पना नव्हती.

करारात एक गोष्ट लिहून ठेवता आली नाही. बाई त्याला ‘तुम्ही’ म्हणत होत्या, कारण प्रशिक्षणात क्लायंटला बरोबरीचा माना असं शिकवलं होतं. तो अवघडला. ‘मॅडम, मला अरे-तुरेच करा, तुम्ही म्हटलं की मुलाखतीला बसल्यासारखं होतं.’ त्यांनी ‘तू’ म्हणायला सुरुवात केली. त्या एका शब्दाबरोबर शाळेतल्या बाई परत आल्या. ‘तू’ म्हटलं की मागोमाग ‘अरे’ येतं, ‘अरे’ आलं की ‘असं नसतं रे करायचं’ येतं. इंग्रजीतून शिकवणाऱ्याला हा पेच दिसतच नाही. माझं मत असं की ‘तू’च बरोबर होतं. त्या मुलाला ते हवं होतं. फक्त त्या ‘तू’मागची खुर्ची बदलायला हवी होती, आणि त्याला वेळ लागतो.

तिसरं रेकॉर्डिंग

बाईंना प्रशिक्षणात ‘ग्रो’ ही पद्धत शिकवली होती. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात ती घडली आणि जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ सालच्या पुस्तकामुळे सगळीकडे पोचली. ध्येय काय, सध्याची स्थिती काय, पर्याय कोणते, पुढचं पाऊल कोणतं, अशा चार टप्प्यांतून संभाषण पुढे न्यायचं. पद्धत चांगली आहे. गणिताच्या बाईंनी तिचं गणित केलं होतं. वहीवर चार चौकटी आखायच्या आणि एकेक भरायची. तिसऱ्या सेशनमध्ये ध्येयाच्या चौकटीत होतं, ‘मेन्सच्या वर्णनात्मक पेपरची तयारी.’ राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि आधीची सगळी वर्षं बहुपर्यायी प्रश्नांची तयारी केलेल्या मुलांची घडी विस्कटली, तो त्यांतलाच एक. वरवर बघता चौकट बरोबर भरलेली होती.

सेशन ४१ मिनिटांचं. मी घड्याळ लावून मोजलं: २६ मिनिटं बाई बोलत होत्या. त्यांनी ३४ प्रश्न विचारले, त्यांतले १९ ‘ना’वर संपणारे. त्यातला हा तुकडा:

‘मग या आठवड्यात वेळापत्रक पाळलंस ना?’

‘हो… म्हणजे, तसं पाळलं.’

‘सकाळी लवकर उठतोयस ना?’

‘उठायचं काय मॅडम, झोपच नाही. तीन-साडेतीनला डोळे उघडतात. मग तसाच पडून राहतो.’

‘मग तो वेळ वाया का घालवायचा? उठून बसायचं. पहाटेचं वाचलेलं डोक्यात राहतं, माझी मुलं दहावीला तेच करायची.’

‘हो मॅडम.’

‘आणि खाण्यापिण्याकडे लक्ष देतोस ना?’

‘मेस बंद केली. जेवण जात नाही, उगाच पैसे जातात.’

‘पैशांचं काय ते आपण नंतर बघू. आता मला सांग, पेपर एकसाठी कुठलं पुस्तक धरलंयस?’

इथे चार सेकंद काहीच नाही. मग, ‘काही सुधरत नाही मॅडम.’ आणि बाई लगेच: ‘सुधरेल रे. तू हुशार आहेस.’

‘पाळलंस ना?’ याला मराठीत ‘नाही’ असं उत्तर देणं फार अवघड असतं. त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं, समोरच्याने फक्त मान हलवायची. समोर वडीलधारी व्यक्ती असेल तर तो हमखास हलवतो. बाईंना वाटत होतं आपण प्रश्न विचारतोय. त्या खरं तर सूचना देत होत्या, फक्त वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. ‘का’चंही तसंच. ‘का नाही गेलास?’ हा प्रश्न आपल्या कानांना जाब मागितल्यासारखा लागतो, आणि माणूस सबबी सांगायला लागतो. ‘जायचं ठरवलंस तेव्हापासून काय काय झालं?’ असं विचारलं की तो गोष्ट सांगायला लागतो. प्रशिक्षणात मिळालेली प्रश्नांची यादी इंग्रजी होती आणि तिच्यात ‘ना’ नव्हता, त्यामुळे बाईंना तो कुणी दाखवलाच नव्हता.

पण या तुकड्यातली मोठी चूक ‘ना’ची नव्हती.

पहाटे तीनला जाग येऊन परत झोप न लागणं, जेवण न जाणं, काही न सुधरणं. बाई ‘डिप्रेशन’ हा शब्द ऐकू आला असता तर थांबल्या असत्या, याची मला खात्री आहे. प्रशिक्षणात सांगितलेलं होतं की क्लायंटला मानसिक आजाराची लक्षणं दिसली तर कोचिंग थांबवून तज्ज्ञाकडे पाठवा. पण परभणीकडचा मुलगा ‘मला डिप्रेशन आलंय’ असं म्हणत नाही. पुण्यातलाही फारसा म्हणत नाही. आपल्याकडे मनाचं दुखणं जेवणाच्या आणि झोपेच्या भाषेत येतं. जीव लागत नाही, अन्न गोड लागत नाही, कशात मन रमत नाही. रोजच्या बोलण्यातली ही वाक्यं इतकी ओळखीची असतात की कान त्यांच्यावरून घसरून जातो. बाईंनी ‘मेस बंद केली’ ऐकलं आणि त्याची नोंद पैशांखाली केली.

आणि मी ते रेकॉर्डिंग आठ दिवस उशिरा ऐकलं. बाईंनी ते सोमवारी पाठवलं होतं. माझ्याकडे दुसऱ्या कामांची रीघ होती, घाई नाही असं मी गृहीत धरलं. ते आठ दिवस तो मुलगा पहाटे तीनला उठून वाचायचा प्रयत्न करत होता, कारण मॅडमनी सांगितलं होतं. हे मला अजून सलतं. तेव्हापासून कुठल्याही शिकाऊ कोचचं रेकॉर्डिंग आलं की ४८ तासांच्या आत मी ते ऐकते, आणि जमणार नसेल तर आधीच सांगते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

ऐकल्या ऐकल्या मी बाईंना फोन केला. तुकडा त्यांनाच परत ऐकवला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘त्याच्या वडिलांना आत्ता फोन करते.’ नंबर त्यांच्याकडे होता. आई-वडिलांना बोलावून घेणं ही २७ वर्षांची सवय, आणि त्यात काळजी खरी होती. पण तो २८ वर्षांचा माणूस होता आणि पाऊण पानावर आपणच लिहिलं होतं. जिवाला धोका आहे की नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आधी त्याला विचारायचं, असं ठरलं.

कसं विचारायचं, याची आम्ही फोनवरच तालीम केली. आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर तो विचार डोक्यात भरवल्यासारखं होईल, ही भीती बाईंना होती, बहुतेकांना असते. जागतिक आरोग्य संघटनेने तिची गणना गैरसमजांत केली आहे. मोकळेपणाने विचारलं तर माणसाला बोलायला वाट मिळते. अवघड होतं ते शब्द निवडणं. ‘काही वाईट विचार तर येत नाहीत ना?’ हे वाक्य बाईंच्या तोंडून तीनदा आलं, आणि तिन्ही वेळा ‘ना’सकट. या प्रश्नाला तर ‘नाही’ हे उत्तर आपण जवळपास मागूनच घेतो. चौथ्यांदा त्यांनी ‘ना’ काढला.

दुसऱ्या दिवशी तो लकडी पूल ओलांडून, कर्वे रोडने चालत आला. बाईंनी वही काढली नाही. त्यांनी विचारलं, ‘झोप अशी कधीपासून आहे?’ तो म्हणाला, ‘दिवाळीपासून.’ तेव्हा जानेवारी संपत आला होता. अशी लक्षणं रोजच्या रोज दोन आठवडे टिकली की डॉक्टर नैराश्याच्या दृष्टीने तपासणी करतात. निदान करणं कोचचं काम नाही, पण ‘कधीपासून’ हे विचारणं नक्कीच आहे. मग बाईंनी विचारलं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’

‘जीव द्यायचं नाही मॅडम. पण सकाळ नको वाटते.’

बाईंनी मला नंतर सांगितलं की या वाक्यानंतर त्यांना त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला होता, आणि त्यांनी ठेवला. आयसीएफच्या कुठल्याही कौशल्यात हे बसतं की नाही यावर आम्ही वाद घातला नाही.

त्यांच्या हाताशी एक कागद होता. ससूनच्या मनोविकार विभागाची ओपीडी, ओळखीतल्या दोन मनोविकारतज्ज्ञांचे नंबर आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक. केंद्र सरकारची ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. डॉक्टरकडे कुणाबरोबर जायचं हे त्याने ठरवलं: रूममेटबरोबर. घरी सांगायचं का, यावर म्हणाला, आत्ता नाही. बाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी ते मानलं. दोन दिवसांनी तो डॉक्टरांकडे गेला, औषधं सुरू झाली. कोचिंग थांबलं. बाई आठवड्यातून एकदा फक्त ‘जेवलास का?’ एवढा मेसेज करत होत्या, तोही त्याची परवानगी घेऊन.

आपल्या तासांच्या नोंदवहीत त्या दिवसापुढे बाईंनी आधी ‘१ तास’ लिहिलं होतं, मग खोडलं. शेजारी लिहिलं: ‘हे कोचिंग नव्हतं.’ त्या १०० रुपयांची नोटही त्यांनी परत केली.

मधले दोन महिने

या काळात बाईंनी जो सराव केला, तो मला त्यांच्या सगळ्या प्रशिक्षणात सर्वांत खरा वाटतो. त्यांनी जुनी पाचही रेकॉर्डिंगं, म्हणजे बाकीच्या क्लायंटांचीसुद्धा, हाताने उतरवून काढली. जे जसं बोललं गेलं तसं, ‘अं’ आणि ‘हं’सकट. एका तासाचं बोलणं उतरवायला त्यांना पाच-सहा तास लागत. मग लाल पेनाने प्रत्येक ‘ना’ला गोल. शाळेतल्या वह्या तपासायचं तेच पेन. गोल केलेल्या प्रत्येक वाक्याखाली तोच प्रश्न ‘ना’ न वापरता नव्याने लिहायचा. ‘घरचे समजून घेतात ना?’ याचं ‘घरचे काय म्हणतात?’ झालं, आणि पुढे एका दिवशी ‘घरी हे कुणाला माहीत आहे?’ असं झालं. तिसरं रूप त्यांना आठवडाभराने सुचलं होतं.

गप्प राहणं याहून अवघड गेलं. समोरचा थांबला की वर्गात बाई लगेच दुसऱ्या मुलाला विचारत. शांतता म्हणजे उत्तर येत नाही, एवढाच अर्थ. त्यांनी घरात सुनेबरोबर सराव केला. ती बोलून थांबली की भिंतीवरच्या घड्याळाचे पाच ठोके मोजायचे आणि मगच तोंड उघडायचं. सून तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘आई, तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?’ मग तिला कारण सांगितलं. तिने सांगितलेली गोष्ट मी माझ्या वहीत लिहून घेतली: तुम्ही मोजताय हे तुमच्या डोळ्यांत दिसतं. बाईंनी मोजणं सोडलं, आणि समोरच्याचा शेवटचा शब्द मनात एकदा परत म्हणायला सुरुवात केली. वेळ तेवढाच जातो, पण लक्ष समोरच्यावर राहतं.

सगळं सुधारलं असं नाही. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य अजून सुटतं त्यांच्या तोंडून. ते का टाळायचं, यावर त्या माझ्याशी अजून भांडतात, आणि त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. ज्या मुलाला चार वर्षं फक्त कट ऑफने उत्तर दिलंय, त्याला कुणीतरी हे म्हणावंच. फक्त तो ‘काही सुधरत नाही’ म्हणाला त्या क्षणी नाही.

पुन्हा सुरुवात

मार्चअखेर त्यानेच मेसेज केला. झोप बरी होती, मेस परत लावली होती. डॉक्टरांना विचारून आला होता. औषधं चालू राहणार होती आणि कोचिंगला त्यांची हरकत नव्हती. पाऊण पान पुन्हा वाचलं गेलं, या वेळी त्याने वाचलं, मोठ्याने. सेशनला काय हवंय असं विचारल्यावर ‘वर्णनात्मक पेपर’ हे उत्तर परत आलं नाही. तो म्हणाला, ‘अजून एक अटेम्प्ट द्यायचा की नाही, ते. खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे, म्हणजे दहा वर्षं हे असंच चालू शकतं मॅडम. तेच भ्यावं वाटतं.’

पुढच्या दोन सेशनांत बाईंच्या बोलण्याचा वाटा ११ मिनिटांवर आला. त्यांना मनातून वाटत होतं की त्याने एकदा तरी नव्या पद्धतीने परीक्षा द्यावी. माझ्यापाशी त्या ते बोलल्या, त्याच्यापाशी नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ३३व्या मिनिटाला बाई विचारतात, ‘यंदाचं काय दिसतंय तुला?’ त्यानंतर अकरा सेकंद कुणी बोलत नाही. आतून कुकरची एक शिट्टी ऐकू येते. मग तो:

‘यंदाचा फॉर्म नाही भरत. पेरणीला घरी जातो. तालुक्याला मित्राचं दुकान आहे, खताचं, त्याचा हिशोब बघेन. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.’

‘हं.’

‘बाबांना मीच सांगतो.’

‘कधी सांगतोस?’

‘आजच. खोलीवर गेलो की परत राहून जाईल. पुलावर थांबतो आणि तिथूनच लावतो फोन.’

मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, बाई ‘थांब, पोळी-भाजी देते डब्यात’ म्हणतात, आणि रेकॉर्डिंग बंद होतं.